एकट्याचं 'नाही' : एका शेतकऱ्याची आणि त्याच्या घरच्यांची गोष्ट

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. स्मरणिकेचं काम पाहणारी मंडळी घरी आली अन् म्हणाली, "सर, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवला, आता इतिहासावरच काही लिहून द्या." मी मूळचा दवनीवाड्याचा, धान पिकवणाऱ्या घरातला. तेव्हा राजेरजवाडे आणि लढाया बाजूला ठेवून एका शेतकऱ्याचाच इतिहास सांगावा असं ठरवलं. तो शेतकरी आपल्याकडचा नाही, ऑस्ट्रियातला आहे. पण त्याची गोष्ट माझ्या मनाला का लागली, ते सांगायचं तर सुरुवात दवनीवाड्यापासूनच करावी लागेल.

मी सहावीत होतो. गावात एका विधवा बाईच्या बांधीच्या धुऱ्यावरून भांडण झालं आणि पंचनामा लिहिला गेला. धुरा जिथे होता तिथे तो नव्हता, असं त्या कागदात लिहिलेलं. पंचांच्या सह्या-अंगठे झाले. माझ्या बाबांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "मी सही करत नाही." एवढंच. भाषण केलं नाही, भांडले नाहीत. त्या पावसाळ्यात आमच्या घरी रोवणीला कोणी आलं नाही. माय, आत्या आणि आम्ही तिघं भावंडं, आम्ही दोन बांध्या रोवल्या. तिसरी तशीच पडीक राहिली. पऱ्हे पिवळे पडून वाया गेले. पंचनामा व्हायचा तो झालाच, त्या बाईची जमीन गेलीच. बाबांच्या 'नाही'ने काय साधलं, हा प्रश्न मला तेव्हापासून सुटलेला नाही.

निवृत्तीनंतर मुलीकडे असताना 'अ हिडन लाइफ' नावाचा चित्रपट पाहिला. टेरेन्स मॅलिक या दिग्दर्शकाचा, २०१९ सालचा. तो एका खऱ्या माणसावर आहे हे कळलं आणि मास्तरकीची जुनी सवय जागी झाली. मिळेल ते वाचत गेलो. त्या माणसाचं नाव फ्रान्झ येगरश्टेटर.

२० मे १९०७ रोजी उत्तर ऑस्ट्रियातल्या सांक्त राडेगुंड या खेड्यात तो जन्मला. जेमतेम पाच-सहाशे वस्तीचं गाव. हिटलर ज्या ब्राउनाउ गावात जन्मला, तेही त्याच जिल्ह्यातलं. फ्रान्झची आई घरकाम करणारी मुलगी, बाप शेतमजूर. लग्नाला लागणारा पैसा दोघांकडे नव्हता. बाप पहिल्या महायुद्धात मेला. पुढे आईने येगरश्टेटर आडनावाच्या शेतकऱ्याशी लग्न केलं, त्याने या पोराला आपलं नाव दिलं आणि शेवटी शेतीही दिली.

हा माणूस काही जन्मापासून संत नव्हता. तरुणपणी मारामाऱ्या केल्या, काही वर्षं लोखंडाच्या खाणीत राबला आणि गावातली पहिली मोटरसायकल त्यानेच आणली. लग्नाआधी एक मुलगीही झाली. तिच्याशी त्याने नातं तोडलं नाही. १९३६ साली फ्रान्झिस्का नावाच्या मुलीशी लग्न झालं. ती मनापासून धार्मिक, कॅथलिक. लग्नानंतर दोघं रोमला जाऊन आली. मग दोघांनी मिळून रोज प्रार्थना, बायबलचं वाचन सुरू केलं. तीन मुली झाल्या. गायीगुरं, नांगर, चर्च आणि लेकी, असा त्याचा संसार होता.

मार्च १९३८ मध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. १० एप्रिलला जनमत घेतलं गेलं : जर्मनीत सामील व्हायचं की नाही? सरकारी निकाल ९९.७३ टक्के 'हो' असा लागला. सांक्त राडेगुंडमध्ये एकच मत विरोधात पडलं, ते फ्रान्झचं. गावाने मात्र निकाल कळवला शंभर टक्के 'हो' असाच. म्हणजे त्याचं मत नोंदलंही गेलं नाही.

त्याआधी घरात वाद झाला होता. फ्रान्झिस्काला भीती वाटत होती, हे तिने पुढे सांगितलं आहे. नंतर मात्र तिच्या लक्षात आलं की सगळेच त्याला बोलतात, आपणही बोललो तर त्याच्या बाजूला कोणीच उरणार नाही. तिथून ती त्याच्या पाठीशी उभी राहिली.

नव्या सरकारकडून मुलांसाठी भत्ता मिळत होता, त्याने तो घेतला नाही. गारपिटीने पीक गेलं तेव्हाची सरकारी मदतही नाकारली. आपल्यातल्या शेतकऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. गारपिटीनंतर हातात येणारा पैसा सोडायला काय लागतं, ते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

१९४० साली त्याला सैन्यात बोलावलं. तेव्हा तो गेला. ऑक्टोबरमध्ये एन्स येथील छावणीत त्याचं प्रशिक्षण सुरू झालं. योगायोग बघा, त्याच महिन्यात, १७ ऑक्टोबर १९४० ला, आपल्या विदर्भात पवनारला विनोबा पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून युद्धाच्या विरोधात बोलायला उभे राहिले. दोघांना एकमेकांची नावं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण एक फरक मोठा आहे. विनोबांना गांधीजींनी निवडलं होतं, मागे काँग्रेस होती, देश ऐकत होता. फ्रान्झच्या मागे कोणीच नव्हतं.

शेतीच्या कारणाने त्याला १९४१ च्या एप्रिलमध्ये घरी सोडलं. पण छावणीतल्या त्या महिन्यांनी त्याचं मन पक्कं झालं. मनोरुग्णांना मारून टाकलं जातंय, असं कानावर आलं होतं. रशियावरच्या स्वारीनंतर तो उघड विचारू लागला : दुसऱ्याच्या देशात घुसून माणसं मारायची आणि जमीन घ्यायची, याला धर्मयुद्ध कसं म्हणायचं? तो लिन्झच्या बिशपांकडे गेला. त्यांनी सांगितलं की सरकारच्या कृत्यांची जबाबदारी तुझ्यावर नाही, बायकापोरांची मात्र आहे. गावचे पाद्री, नातेवाईक, सगळ्यांनी हेच समजावलं. वाईट हेतूने नव्हे. त्याचा जीव वाचावा म्हणून.

फेब्रुवारी १९४३ मध्ये पुन्हा हुकूम आला. मार्चच्या सुरुवातीला तो एन्सला हजर झाला आणि 'मी लढणार नाही' असं सांगून टाकलं. आधी लिन्झच्या तुरुंगात ठेवलं, मग मे महिन्यात बर्लिनला हलवलं. जखमींची सेवा करायला तयार आहे, असंही तो म्हणाला. ते मान्य झालं नाही. घरून एक फोटो आला होता. त्यात तिन्ही लेकी उभ्या आणि हातात पाटी : बाबा, लवकर या. तुरुंगात हा फोटो बघताना त्या माणसाला काय वाटलं असेल, हे मी लिहू शकत नाही.

६ जुलै १९४३ ला लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला. त्यानंतर फ्रान्झिस्का गावच्या पाद्रींना घेऊन बर्लिनला गेली. भेट मिळाली वीस मिनिटांची. ९ ऑगस्टला दुपारी चार वाजता ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. वय ३६. आपल्याकडे त्या दिवशी क्रांतिदिनाला बरोबर एक वर्ष होत होतं.

इतिहासाची पुस्तकं बहुधा इथे संपतात. मला पुढचाच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

मोठी लेक सहाव्या वर्षात, मधली पाचव्यात, धाकटी तीन वर्षांची. तिशीतली फ्रान्झिस्का शेत, गुरं आणि म्हातारी सासू सांभाळत राहिली. मुलगा गेला तो हिच्या धर्मवेडाने, असं सासूला वाटायचं. गावातले पुष्कळ पुरुष लढाईत मेले होते. त्यांच्या घरांना वाटायचं, आमचे गेले ते मूर्ख म्हणून गेले का? तेही दुःख खोटं नव्हतं. पण त्याचा भार हिच्या डोक्यावर आला. युद्ध संपलं, हिटलर गेला, तरी तिला विधवेची पेन्शन मिळेना. ती मिळायला १९५० साल उजाडलं. नवऱ्याची रक्षा १९४६ मध्ये गावात आणून चर्चच्या भिंतीलगत पुरली होती. चर्चची देखरेख पूर्वी फ्रान्झ करायचा, ते कामही तिने पुढे चालवलं.

जगाला हे कळलं ते गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञामुळे. दुसऱ्याच अभ्यासासाठी जर्मनीत आलेला असताना त्याला फ्रान्झचं नाव सापडलं. तो गावात गेला, लोकांशी बोलला आणि १९६४ मध्ये पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी व्हॅटिकनच्या परिषदेसाठी आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी दिलेल्या लेखी निवेदनात फ्रान्झचा दाखला होता. हे रॉबर्ट्स १९३७ ते १९५० मुंबईचे आर्चबिशप होते, म्हणून आपल्यालाही जवळचे. ज्याला एकाही बिशपाने 'तुझं बरोबर आहे' म्हटलं नव्हतं, त्याच्यासाठी मुंबईचा एक जुना आर्चबिशप बोलला. त्या परिषदेने १९६५ च्या डिसेंबरमध्ये मान्य केलं की सदसद्विवेकाने शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी.

१९९७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली. २६ ऑक्टोबर २००७ ला लिन्झच्या कॅथेड्रलमध्ये त्याला 'धन्य' घोषित केलं. संतपदाच्या आधीची ती पायरी. फ्रान्झिस्का समोर बसली होती, ९४ वर्षांची. २०१३ च्या मार्चमध्ये ती गेली तेव्हा शंभरी ओलांडली होती. म्हणजे नवऱ्यासोबत सात वर्षं, नवऱ्याशिवाय जवळजवळ सत्तर.

वर्गात मुलं विचारायची, "सर, एकाने नाही म्हटल्याने काय होतं?" मी पाठ्यपुस्तकातलं उत्तर द्यायचो. आता प्रामाणिकपणे सांगतो. फ्रान्झच्या नकाराने युद्ध एक दिवसही आधी थांबलं नाही. हे तुरुंगात त्यालाही माहीत होतं. त्याला युद्ध थांबवायचं नव्हतंच, आपला हात त्यात नको एवढंच होतं. आणि बिशपांचा प्रश्न, बायकापोरांचं काय, तो आजही चुकीचा म्हणता येत नाही. त्याचं उत्तर फ्रान्झने दिलं नाही. ते फ्रान्झिस्काने दिलं, रोज सकाळी उठून, सत्तर वर्षं.

बाबा गेल्यावर एकदा मी मायला विचारलं होतं, त्या पंचनाम्याबद्दल. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मानूस खोटा नव्हता जी. पन रोवणी त मीच केली ना."

तेव्हा मी हसलो होतो. येगरश्टेटर दांपत्याबद्दल वाचल्यावर कळलं की मायने दोन वाक्यांत सगळा इतिहास सांगितला होता. आपण पहिलं वाक्य लिहून ठेवतो, दुसरं विसरतो. आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांतही सभेत एकट्याने हात वर करून 'नाही' म्हणणारे एक-दोघं झालेत. तेव्हा मीही बाकीच्यांसोबत मान डोलावली आहे. त्यांची आठवण या निमित्ताने ठेवतो. आणि ते घरी गेल्यावर ज्यांनी त्यांना गरम जेवण वाढलं, त्यांचीही.