उबुंटू संगणक : पासवर्डची विचारणा आणि फायरवॉलचे अडथळे

उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली विनामूल्य संगणक प्रणाली २००४ साली प्रथम प्रकाशित झाली. ती नव्याने वापरू लागणाऱ्यांना दोन गोष्टींचा त्रास विशेष जाणवतो. एक म्हणजे पासवर्डची वारंवार होणारी विचारणा आणि दुसरी म्हणजे फायरवॉल सुरू करताना दिसणारे त्रुटीसंदेश. वैतागून काही जण समोर येईल त्या चौकटीत पासवर्ड भरतात, तर काही जण फायरवॉल कायमची बंद करून टाकतात. हे दोन्ही उपाय मूळ दुखण्यापेक्षा घातक ठरतात. पासवर्ड नेमके कोण मागत आहे हे आधी ओळखले, तर बहुतेक अडचणी घरबसल्या सुटतात.

प्रशासकीय पासवर्ड

उबुंटूमध्ये ‘रूट’ हे सर्वाधिकारी खाते मुळातच कुलूपबंद असते. प्रणाली बसवताना तयार झालेल्या पहिल्या वापरकर्त्याला ‘सुडो’ या आज्ञेद्वारे तात्पुरते प्रशासकीय अधिकार मिळतात. त्यामुळे येथे मागितला जाणारा पासवर्ड हा त्या वापरकर्त्याचा स्वतःचाच लॉगिन पासवर्ड असतो. त्यासाठी वेगळा पासवर्ड नसतो. एकदा तो दिल्यावर त्याच टर्मिनलमध्ये साधारण १५ मिनिटे पुन्हा विचारणा होत नाही.

बहुतांश आवृत्त्यांत टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना पडद्यावर अक्षरे किंवा ठिपके काहीही उमटत नाहीत. कळफलक बिघडल्याचा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात अक्षरे नोंदली जात असतात. पासवर्ड पूर्ण करून एंटर दाबणे पुरेसे असते.

अचूक पासवर्डही नाकारला जात असेल, तर प्रथम कॅप्स लॉक तपासावा. मराठीत लेखन करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. कळफलक इनस्क्रिप्ट मांडणीवर राहिलेला असल्यास रोमन अक्षरांऐवजी देवनागरी अक्षरे जातात. सुपर आणि स्पेस या कळा एकत्र दाबून मांडणी बदलता येते. ‘सदर वापरकर्ता सुडोअर्स फाइलमध्ये नाही’ अशा आशयाचा इंग्रजी संदेश आल्यास पासवर्ड चुकलेला नसून अधिकारच दिलेला नसतो. अशा वेळी प्रशासकाने त्या वापरकर्त्याला ‘सुडो’ गटात समाविष्ट करावे. हा बदल लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होतो.

कीरिंगची विचारणा

ब्राउझर उघडताच ‘लॉगिन कीरिंग’ खुले करण्यासाठी पासवर्ड मागितला जाणे, ही निराळी बाब आहे. कीरिंग म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची कुलूपबंद पेटी. लॉगिनच्या वेळी दिलेल्या पासवर्डनेच ती आपोआप उघडते. मात्र स्वयंचलित लॉगिन किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन केल्यास तिला किल्लीच मिळत नाही. प्रशासकाने वापरकर्त्याचा लॉगिन पासवर्ड परस्पर बदलला, तरी पेटीचे कुलूप जुनेच राहते. ‘पासवर्ड्स अँड कीज’ या साधनातून कीरिंगला नव्या लॉगिन पासवर्डशी जुळणारा पासवर्ड द्यावा. जुना पासवर्ड आठवत नसेल, तर कीरिंग काढून टाकणे हाच मार्ग उरतो. त्यासोबत तिच्यात साठवलेले सर्व पासवर्डही जातात, हे आधीच ध्यानात घ्यावे.

लॉगिन पासवर्डच विसरला असल्यास

संगणक सुरू होताना ग्रब मेनूतून रिकव्हरी मोड निवडून रूट शेलमध्ये ‘पासडब्ल्यूडी’ या आज्ञेपुढे वापरकर्त्याचे नाव देऊन नवा पासवर्ड ठरवता येतो. ‘ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर’ असा संदेश आला, तर डिस्क केवळ वाचनासाठी जोडलेली आहे असे समजावे आणि ती लेखनक्षम करून आज्ञा पुन्हा द्यावी. हाच मार्ग संगणक हाती पडलेल्या परक्यालाही मोकळा असतो. त्यामुळे महत्त्वाची कागदपत्रे असलेल्या संगणकाची डिस्क कूटबद्ध करणे इष्ट ठरते. मात्र कूटबद्ध डिस्कचा पासवर्ड हरवल्यास आणि वेगळी रिकव्हरी की जपून ठेवलेली नसल्यास त्यातील मजकूर परत मिळत नाही.

फायरवॉलचे त्रुटीसंदेश

२००८ च्या ८.०४ आवृत्तीपासून उबुंटूत ‘यूएफडब्ल्यू’ हे फायरवॉल साधन आहे; सुरुवातीला ते बंद असते. सुरू केल्यावर बाहेरून येणाऱ्या जोडण्या रोखल्या जातात व बाहेर जाणाऱ्यांना मुभा राहते. ‘रूट असणे आवश्यक आहे’ अशा अर्थाची त्रुटी आल्यास आज्ञेच्या आरंभी ‘सुडो’ लावणे एवढाच उपाय असतो.

‘प्रॉब्लेम रनिंग यूएफडब्ल्यू-इनिट’ ही त्रुटी अधिक गोंधळात टाकते. अद्ययावतीकरणात नवा कर्नल आला आणि संगणक पुन्हा सुरू केला नाही, तर आवश्यक मोड्यूल सापडत नाहीत. म्हणून प्रथम संगणक पुन्हा सुरू करावा. त्रुटी कायम राहिल्यास हाताने बदललेली नियमांची फाइल सदोष असू शकते. ‘रीसेट’ आज्ञेने मूळ स्थिती परत येते; जुन्या नियमांची प्रतही ठेवली जाते. मात्र त्यानंतर फायरवॉल बंद झालेली असते, ती आठवणीने पुन्हा सुरू करावी. ‘फायरवॉलडी’सारखे दुसरे साधन सोबत चालू असल्यास दोहोंपैकी एकच ठेवावे.

फायरवॉल सुरू केल्यावर कार्यालयातील सामायिक प्रिंटर किंवा फोल्डर दिसेनासे झाले, तर संपूर्ण फायरवॉल बंद करू नये. आवश्यक तेवढेच पोर्ट, तेही केवळ स्थानिक नेटवर्कपुरते खुले करावे. प्रिंटरसाठी ६३१ आणि सांबाच्या फोल्डरसाठी ४४५ हे पोर्ट लागतात. दूरस्थ संगणकावर काम करताना फायरवॉल सुरू करण्यापूर्वी एसएसएचला परवानगी द्यावी; अन्यथा पुढची जोडणी फायरवॉलच अडवते आणि प्रत्यक्ष त्या संगणकापाशी जाण्याची वेळ येते. शेवटी ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोज’ ही आज्ञा रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत देऊन फायरवॉल चालू आहे ना आणि कोणते नियम लागू आहेत, याची खातरजमा करावी.