रोहिणखेडची लढाई आणि दरबारातली उजवी बाजू

माझा भाचा नोकरीसाठी नेदरलँड्सला निघाला, तेव्हा भेटायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "मामू, तिथं बाहेरून बोलावलेल्या कुशल माणसाला पगाराच्या तीस टक्क्यांपर्यंतच्या रकमेवर पाच वर्षं टॅक्स नाही." मी विचारलं, "आणि तुझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या डच पोराला?" तो हसला. "त्याला पूर्ण भरावा लागतो. तो तिथलाच ना!"

मला एकदम रोहिणखेड आठवलं.

रोहिणखेड आपल्या बुलडाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी आहे. बुऱ्हाणपूरहून दख्खनच्या पठारावर चढणारी फौज याच बाजूने यायची. आज तिथली जुनी मशीद पाहायला कुणी गेलं तर जातं, पण १४३७ साली इथे झालेल्या लढाईने बहमनी राज्याचं पुढचं शतक बिघडवलं, हे गावातल्या पोरांनाही कुणी सांगत नाही.

खानदेशचा नसीर खान फारुकी हा बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद (दुसरा) याचा सासरा. जावयाने आपल्या मुलीची उपेक्षा केली म्हणून तो चिडला आणि वऱ्हाडात घुसला. वऱ्हाडचा सुभेदार नरनाळ्याच्या किल्ल्यात अडकून पडला. तेव्हा सुलतानाने खलफ हसन बसरीला पाठवलं. हा मूळचा बसऱ्याचा व्यापारी. त्याला 'मलिक-उत-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, असा किताब होता. त्याने एक अट घातली: माझ्यासोबत फक्त परदेशी शिपाई द्या, दखनी नकोत. यापूर्वी माहीमला गुजरातच्या फौजेकडून झालेल्या पराभवाचं खापर तो दखनी सरदारांवर फोडत होता.

अट मान्य झाली. रोहिणखेडला नसीर खानाचा पराभव झाला. खलफ हसनने त्याचा बुऱ्हाणपूरपर्यंत आणि पुढे लळिंगपर्यंत पाठलाग केला. बिदरला परतल्यावर त्याचा मोठा सत्कार झाला, आणि सुलतानाने हुकूम काढला की यापुढे दरबारात परदेशी उजव्या बाजूला आणि दखनी व हबशी डाव्या बाजूला उभे राहतील.

इराण, इराक, मध्य आशियातून आलेल्या या लोकांना 'आफाकी' किंवा 'गरीब' म्हणत. गरीब म्हणजे इथे परका, परदेशी. बहमनी सुलतान त्यांना मुद्दाम बोलावत. घोड्यांचा व्यापार, फारसी लिखापढी, हिशेब, युद्धकला यांत ते तरबेज होते. त्या काळी आयकर नव्हता. राज्याचा पैसा जमिनीच्या साऱ्यातून यायचा, म्हणून मेहरबानी करायची ती जहागिरीच्या किंवा इनामाच्या रूपाने. ज्या रयतेच्या घामातून सारा निघायचा, तिला या वाटपात आवाज नव्हता.

आणि दखनी कोण होते? तेही बहुतेक मुसलमानच. कुणी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले, कुणी इथल्याच मातीत इस्लाम स्वीकारलेले. उत्तरेतून आलेल्यांचे वंशजही आता इथलेच झाले होते. भाषा एक, खाणंपिणं एक, तरी स्वतःच्या राज्यात जागा डावीकडे. आज आपल्याला सरसकट 'बाहेरचे' म्हणणाऱ्यांना आणि सगळे मुसलमान एकाच गठ्ठ्यात बांधणाऱ्यांना हा प्रसंग सांगायला हवा. 'बाहेरचे' आणि 'इथले' हा वाद मुसलमानांच्या आतच रक्त सांडेपर्यंत लढला गेला आहे.

रक्त खरोखरच सांडलं. रोहिणखेडनंतर साधारण दहा वर्षांनी खलफ हसन कोकणच्या मोहिमेत जंगलात मारला गेला. त्याचे उरलेले परदेशी सैनिक चाकणच्या आश्रयाला आले. दखनी सरदारांनी सुलतानाचे कान भरले, आणि चाकणला त्या लोकांची कत्तल झाली. नंतर सुलतानाला खरं कळलं, तेव्हा दखनी सरदारांना शिक्षा झाल्या. जखम मात्र भरली नाही.

महमूद गावानने ती भरायचा प्रयत्न केला. तो स्वतः गिलानचा, म्हणजे आफाकीच. पण वजीर झाल्यावर त्याने पदं दोन्ही गटांत वाटून दिली. जहागिरीचं उत्पन्न फौजेवर आणि दानधर्मावर खर्च करून स्वतःचं पोट तो व्यापाराच्या भांडवलावर भरायचा, असं इतिहासात नोंदलं आहे. तरीही बनावट पत्राच्या आधारे १४८१ मध्ये त्याला मारलं गेलं. पुढे राज्याचे पाच तुकडे झाले.

रोहिणखेडची गोष्ट इथे संपत नाही. १५८९ मध्ये अहमदनगरात जमाल खानाच्या नेतृत्वाखाली दखनींनी परदेशींची कत्तल केली. त्यानंतर दोनेक वर्षांतच बुऱ्हाण निजामशहाशी लढताना जमाल खान पडला, तोही रोहिणखेडलाच! हे सगळं आपल्याला सांगणारा इतिहासकार फरिश्ता मूळचा अस्त्राबादचा, १५८९ मध्येच अहमदनगर सोडून विजापूरला गेलेला. म्हणून त्याच्या पुस्तकात दखनींचं जे चित्र येतं, ते वाचताना लिहिणारा कोणत्या बाजूचा होता हे लक्षात ठेवावं लागतं.

कुशल माणसाला बाहेरून बोलावणं वाईट नाही. बिदरचा मदरसा गावानमुळेच उभा राहिला. पण सवलत आली की मनात मोजमाप सुरू होतं. पोर्तुगालने २००९ मध्ये परदेशी व्यावसायिकांना वीस टक्के सपाट कराची सवलत दिली होती. घरभाडी परवडेनात म्हणून स्थानिक लोक चिडले, आणि २०२४ पासून नव्यांसाठी ती योजना बंद झाली. स्पेनने २००५ मध्ये केलेला असाच कायदा तर फुटबॉलपटू बेकहॅमच्या नावाने ओळखला गेला, आणि पुढे खेळाडूंनाच त्यातून वगळावं लागलं. फरक इतकाच की आता हे भांडण संसदेत आणि मतपेटीत सुटतं, चाकणसारखं नाही. शिवाय सवलतीला मुदत असते. सुलतानाच्या हुकुमाला मुदत नव्हती.

निघताना भाच्याला मी एवढंच म्हटलं, "बेटा, सवलत घे, हक्काची आहे. पण शेजारच्या डच पोराची भाषा शीक, आणि तो कुरकुरला तर राग मानू नकोस. आपण दखनी आहोत. डावीकडे उभं राहणं काय असतं, ते आपल्याला माहीत आहे."