'दुसरी आण' : रोमन सैन्यातील हुद्दे आणि कष्टातून सुटकेची किंमत

१/ इ.स. १४. सम्राट ऑगस्टसच्या निधनाची वार्ता डॅन्यूब नदीलगतच्या पॅनोनिया प्रांतात पोहोचली आणि तेथील तीन लीजनांनी बंड पुकारले. या बंडात ल्युसिलियस नावाचा सेंच्युरियन मारला गेला. सैनिकांनी त्याला 'दुसरी आण' असे टोपणनाव दिले होते. सैनिकाच्या पाठीवर काठी मोडली की तो दुसरी मागवीत असे, आणि मग तिसरी.

२/ सैनिकांचा रोष सेंच्युरियनवरच इतका का होता? त्यासाठी रोमन सैन्याची उतरंड पाहावी लागेल.

३/ सर्वांत लहान घटक म्हणजे एका तंबूत राहणारे ८ सैनिक. असे १० तंबू मिळून ८० जणांची एक सेंच्युरी. ६ सेंच्युरींची एक कोहॉर्ट आणि १० कोहॉर्टचे एक लीजन, म्हणजे साधारण ५,००० सैनिक. नावात 'शंभर' असले तरी सेंच्युरीत प्रत्यक्षात ८० जणच असत.

४/ सेंच्युरीचा प्रमुख सेंच्युरियन. त्याच्या हाताखाली तीन जण : दुय्यम अधिकारी ऑप्टिओ, निशाण वाहणारा सिग्निफर आणि परवलीचा शब्द पोहोचविणारा टेसेरारियस. सैनिकांची बचत सांभाळण्याचे कामही सिग्निफरकडेच असे.

५/ लीजनचा सर्वोच्च अधिकारी लेगेट हा सिनेटर वर्गातील. त्याच्या खालचे सहा ट्रिब्यून उच्चकुलीन. त्यांपैकी बरेच जण काही वर्षांनी पुढील पदांकडे निघून जात. सेंच्युरियन मात्र दीर्घकाळ सैन्यातच राही. त्यामुळे सामान्य सैनिकाच्या दृष्टीने 'रोम' म्हणजे सेंच्युरियनच. द्राक्षवेलीची काठी ही त्याच्या हुद्द्याची खूण होती, आणि शिक्षेचे साधनही.

६/ सामान्य सैनिकाचे वेतन वर्षाला २२५ दिनार, म्हणजे दिवसाला सुमारे १० अ‍ॅस. याच पैशांतून कपडे, शस्त्रे आणि तंबूचा खर्च वळता होई. शिवाय रस्ते बांधणे, खंदक खणणे, लाकूडफाटा आणणे ही अंगमेहनत वेगळीच. या कामांतून सूट देणे सेंच्युरियनच्या हाती होते आणि ती सूट विकत मिळे.

७/ पॅनोनियातील बंडखोरांची हीच तक्रार होती. पर्सेनियस हा सैनिक त्यांचा पुढारी. सैन्यात येण्यापूर्वी तो नाट्यगृहात नटांसाठी टाळ्या वाजविणाऱ्यांचा म्होरक्या होता. रोज एक पूर्ण दिनार आणि १६ वर्षांनी निवृत्ती या त्यांच्या प्रमुख मागण्या. तीस-चाळीस वर्षे राबूनही सुटका होत नाही, सेंच्युरियनचा मार चुकविण्यासाठी आणि कामातून सुटण्यासाठी पदरचे पैसे मोजावे लागतात, असे त्यांचे म्हणणे होते.

८/ याच बंडातील दुसरा प्रसंग औफिडिएनस रुफस या छावणीप्रमुखाचा. सैनिकांनी त्याला गाडीतून खाली ओढले, त्याच्या पाठीवर बोजे लादले आणि रांगेच्या पुढे चालविले. एवढे ओझे आणि एवढी लांब वाटचाल कशी वाटते, असे ते त्याला खिजवून विचारीत होते.

९/ रुफस कोणी उमराव नव्हता. साधा सैनिक, मग सेंच्युरियन, मग छावणीप्रमुख अशा पायऱ्या तो चढला होता. इतिहासकार टॅसिटसच्या मते, स्वतः हे कष्ट सोसल्यामुळेच तो इतरांशी अधिक निष्ठुर झाला होता.

१०/ टायबेरियसचा पुत्र ड्रूसस बंड शमविण्यासाठी आला. त्याच सुमारास चंद्रग्रहण लागले. तो देवांचा कोप समजून सैनिक घाबरले आणि बंड ओसरले. पर्सेनियसला ठार करण्यात आले. सूट विकण्याची चाल मात्र टिकली.

११/ इ.स. ६९ मध्ये ओथो सम्राट झाला, तेव्हा सैनिकांनी पुन्हा हीच मागणी केली. सेंच्युरियनना दुखवायचे नव्हते आणि सैनिकांनाही खूष करायचे होते. म्हणून ओथोने ही रक्कम शाही खजिन्यातून देण्याचे वचन दिले. म्हणजे सैनिकाचे पैसे वाचले आणि सेंच्युरियनची मिळकतही बुडाली नाही!

१२/ सुटकेचा दुसरा मार्ग कौशल्याचा. कष्टाच्या कामांतून अधिकृतपणे मुक्त असलेल्यांना 'इम्यून्स' म्हणत. वैद्यकीय साहाय्यक, भूमापक, लोहार, खाटीक, लेखनिक अशा अनेकांचा त्यांत समावेश होता. अशा काहींचे वेतन सामान्य सैनिकाइतकेच असले, तरी खोदकाम आणि दगडफोड चुकत असे.

१३/ इ.स. १०७ मध्ये ज्युलियस अपोलिनारिस या सैनिकाने इजिप्तमधील आपल्या वडिलांना पत्र लिहिले. लीजनचा लेखनिक म्हणून त्याची नेमणूक झाली होती. इतर जण दिवसभर दगड फोडत आहेत आणि आपण मात्र काही न करता मोकळे फिरतो आहोत, असे त्याने समाधानाने कळविले.

१४/ त्या पत्रात लढाईतील पराक्रमाची फुशारकी नाही. तंबूतल्या आठ जणांसाठी बढतीचा पहिला अर्थ हुकूम देण्याचा अधिकार हा नव्हता; उद्या सकाळी कुदळ कोणाच्या हाती असेल, हा होता. ज्यांना ना कौशल्य होते ना पैसा, त्यांच्या वाट्याला कुदळही येई आणि काठीही. इ.स. १४ मध्ये ल्युसिलियसला गाठले ते अशाच माणसांनी.