गारगोटी घासायला कोणतं चाक घ्यावं? खरेदीआधी हे वाचा

नदीपात्रात, ओढ्याकाठी, नांगरलेल्या रानात रंगीत गारगोट्या आणि पट्टेदार अकीक सापडतात. काळ्या बेसॉल्ट खडकाच्या पोकळ्यांत हे दगड तयार होतात. अनेक हौशी मंडळी ते ग्राइंडरवर घासून चमकवायला बघतात. पण चाक चुकलं तर पैसे वाया जातातच, शिवाय जिवालाही धोका असतो.

आधी दगड ओळखा
दगडावर चाकूचं टोक ओढून बघा. ओरखडा पडला नाही तर तो बहुधा गारगोटी किंवा अकीक. त्याची कठीणता सुमारे ७, म्हणजे चाकूच्या पोलादापेक्षा जास्त. विहीर खोदताना निघणारे झिओलाइटचे स्फटिक मात्र नाजूक असतात. ते घासू नका, मूळ रूपातच त्यांना मोल असतं.

कोणतं चाक?
• विळे-कोयते धार लावायचं राखाडी चाक ॲल्युमिनियम ऑक्साइडचं, लोखंडासाठी असतं. गारगोटीवर ते नीट चालत नाही.
• सिलिकॉन कार्बाइडचं हिरवं चाक दगडाला चालतं. स्वस्त पडतं, पण झिजतं आणि मधूनमधून सपाट करावं लागतं.
• डायमंड चाक महाग, पण जास्त टिकतं. त्यावर लोखंड घासू नये, हिरकणी लवकर बोथट होते.

नंबरचा क्रम
नंबर मोठा तितके कण बारीक. आकार द्यायला ८०, मग २२०, ६००, १२०० आणि ३०००. आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचं चाक लावू नका. दर वेळी दगड आणि हात धुवा, नाहीतर जाड कण पुढे जाऊन नवे ओरखडे पाडतात. शेवटची चकाकी फेल्टच्या चाकावर सेरियम ऑक्साइड लावून येते.

चाक फुटू नये म्हणून
चाकावर छापलेला कमाल वेग मोटारीच्या वेगापेक्षा जास्तच हवा. हिरवं चाक बसवण्याआधी टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर तडा असू शकतो. हे चाक पाण्यात उभं ठेवू नका. खालचा भाग पाणी पितो, तोल जातो आणि फिरताना चाक फुटू शकतं. चष्मा आणि चाकावरचं कव्हर हवंच.

कोरडं कधीच घासू नका
गारगोटीच्या बारीक धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गुजरातमधील खंभात येथील अकीक कारागिरांना या आजाराने ग्रासलं आहे. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. म्हणून चाकावर पाण्याची धार सतत हवी आणि एन-९५ मास्कही लावावा. खाली पडलेला चिखल ओला असतानाच उचला, वाळला की त्याची पुन्हा धूळ होते.

पाणी आणि वीज जवळ आल्याने अर्थिंग व ईएलसीबी आधी तपासून घ्या. हातात धरायचा साधा इलेक्ट्रिक ग्राइंडर पाण्यासोबत वापरू नका, शॉक बसू शकतो. पाण्याची सोय असलेलं टेबलावरचं मशीनच या कामाला योग्य.