ॲपला शेतकऱ्याची भाषा कळते का? ई-पीक पाहणीतून समजून घ्या सॉफ्टवेअर डिझाइन

तिवसा तालुक्यात खरिपात सोयाबीनच्या काही तासांमागे तुरीचं एक तास, हे नेहमीचं दृश्य. शेत एक, पिकं दोन. आता समजा, मोबाइल ॲपमध्ये पिकासाठी एकच रकाना असता तर? सोयाबीन निवडलं की तूर नोंदीतून गायब! ही चूक शेतकऱ्याची की डिझाइनची?

ई-पीक पाहणी म्हणजे काय?

सातबाऱ्यातला 'बारा' म्हणजे गाव नमुना १२. कोणत्या गटात कोणतं पीक किती क्षेत्रावर आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. पूर्वी ही नोंद तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याला ती ॲपवरून स्वतः करता येऊ लागली. नुकसानभरपाई, पीक विमा, हमीभावाने खरेदी अशा कामांत ही नोंद पाहिली जाते. त्यामुळे चुकीची नोंद महागात पडू शकते.

चांगलं डिझाइन कुठे दिसतं?

२०२२ च्या खरिपात ॲपचं व्हर्जन-२ आलं. त्यातले तीन बदल पाहा:

- मिश्र पीक: एका मुख्य पिकासोबत दोनऐवजी तीन दुय्यम पिकं नोंदवण्याची सोय झाली.
- दुरुस्ती: नोंद चुकली तर ४८ तासांत शेतकऱ्यालाच ती एकदा दुरुस्त करता येऊ लागली.
- ठिकाण: गटापासून दूर उभं राहून फोटो काढला तर ॲप तसा संदेश देऊ लागलं.

यामागचा विचार काय?

'मुख्य पीक', 'दुय्यम पीक', 'गट', 'हंगाम' हे शब्द प्रोग्रॅमरचे नाहीत, ते शेती आणि महसुलाच्या व्यवहारातले आहेत. अमेरिकी सॉफ्टवेअर तज्ज्ञ एरिक इव्हान्स यांनी २००३ मधल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला: काम जाणणारे आणि कोड लिहिणारे यांनी एकच शब्दसंग्रह वापरावा, आणि तोच कोडमध्येही उतरावा. शेतकरी 'मिश्र पीक' म्हणतो आणि कोडमध्ये मात्र 'एक शेत, एक पीक' असं गृहीत धरलेलं असेल, तर स्क्रीन कितीही देखणी असली तरी नोंद चुकणारच.

लक्षात काय ठेवायचं?

एखादं ॲप वापरताना अडलात, तर लगेच 'आपल्याला जमत नाही' असं समजू नका. आपलं काम त्या ॲपच्या रकान्यांत बसतं का, ते आधी पाहा. बसत नसेल, तर नेमका कोणता रकाना कमी पडतो ते कळवा. डेव्हलपरला सगळ्यात जास्त उपयोग त्याच माहितीचा होतो.