हायडेलबर्गची सुट्टी : आतिया फैजींची आणि आमची

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघी शिक्षिका पाच दिवसांसाठी जर्मनीला जाऊन आलो. तिघींचाही हा पहिलाच परदेश प्रवास. खरं तर ठरलं होतं चौघींचं. चौघींनी दोन वर्षं भिशी लावून पैसे जमवले. शाळेचं ना-हरकत पत्र, बँकेचं स्टेटमेंट, प्रवासाचा विमा, सगळं झालं. व्हिसेही आले. मग शेवटच्या आठवड्यात चौथीच्या घरी प्रश्न निघाला, ‘बरोबर घरचा पुरुष कोण?’ भांडण झालं नाही, कुणी आवाजही चढवला नाही. तिच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, “बेटा, आपल्यात असं कधी कुणी गेलंय का?”

ती आली नाही. विमानात तिची सीट रिकामी राहिली नाही, कुणीतरी दुसरं बसलं. पण तो प्रश्न आमच्याबरोबर आला. आपल्यात असं कधी कुणी गेलंय का? मी इतिहासाची शिक्षिका नाही. उर्दू आणि मराठी शिकवते. तरीही या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते देण्यासाठीच मी आमच्या पाच दिवसांतला एक दिवस हायडेलबर्गसाठी राखून ठेवला होता.

ऑगस्ट 1907. नेकर नदीच्या काठावरच्या या लहानशा विद्यापीठाच्या गावात हिंदुस्थानी मंडळींचा एक गट काही दिवसांच्या सुट्टीसाठी आला. त्यात एक तीस वर्षांची मुस्लिम स्त्री होती, आतिया फैजी. तोपर्यंत लग्न झालेलं नव्हतं. बरोबर भाऊ होता आणि ओळखीची इतर मंडळी. त्यांनी जुना किल्ला पाहिला, नदीत नाव वल्हवली, बागांतून आणि आसपासच्या टेकड्यांवरून भटकंती केली. नंतर म्युनिकही पाहिलं. आज आपण ज्याला मित्रमंडळींबरोबरची छोटी ट्रिप म्हणतो, तीच ही. फक्त एकशे दहापेक्षा जास्त वर्षांपूर्वीची.

आतिया तिथे कशा पोचल्या, हे जास्त महत्त्वाचं आहे. त्यांचा जन्म 1877 मध्ये इस्तंबूलला झाला. वडील व्यापारानिमित्त तिकडे होते. वाढल्या मात्र मुंबईत, तय्यबजींच्या मोठ्या गोतावळ्यात. 1887 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. हे लोक सुलेमानी बोहरा. घरची मूळ भाषा गुजराती, पण एकोणिसाव्या शतकात या कुटुंबाने ठरवून उर्दू आपलीशी केली. मुलींना शिकवायचं हेही त्यांनी ठरवूनच केलं.

सप्टेंबर 1906 मध्ये आतिया मुंबईहून बोटीने लंडनला निघाल्या. कशासाठी? माझ्यासारख्या बी.एड. झालेल्या बाईला हे वाचून अंगावर काटा आला होता. त्या निघाल्या होत्या शिक्षिका व्हायला. सरकारी शिष्यवृत्तीवर, लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात. स्त्रियांना माध्यमिक शाळेत शिकवण्याचं प्रशिक्षण देणारी ही संस्था 1878 मध्ये सुरू झाली होती. आपल्याकडे फातिमा शेख आणि सावित्रीबाईंच्या नावाने शिक्षिकांची परंपरा सांगतात, ती बरोबरच आहे. त्या परंपरेत परदेशी जाऊन अध्यापन शिकू पाहणाऱ्या या बाईंचं नाव मात्र मी कुठल्याही शिक्षक दिनाच्या भाषणात ऐकलेलं नाही.

हेही सांगायला हवं, की त्यांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही. तब्येत बिघडली आणि साधारण वर्षभरात त्या परतल्या. हायडेलबर्गची सुट्टी म्हणजे परतण्याआधीचे शेवटचे दिवस. पदवी हातात नाही, आजारपण अंगावर, आणि तरीही नदीवर नाव वल्हवायची हौस. मला त्या इथे जास्त जवळच्या वाटतात.

आता या कहाणीत ज्यांच्यामुळे हायडेलबर्ग उर्दूवाल्यांच्या ओळखीचं आहे, ते अल्लामा इक्बाल येतात. वयाने आतियांच्याच बरोबरीचे, तेही 1877 चे. दोघांची ओळख एप्रिल 1907 मध्ये लंडनला झाली. उन्हाळ्यात इक्बाल जर्मन भाषा शिकण्यासाठी हायडेलबर्गला आले होते, कारण त्यांना म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवायची होती. ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिळाली. त्यांना जर्मन शिकवत होत्या दोन तरुण स्त्रिया, त्यातल्या एक एमा वेगेनास्ट. आतियांनी पुढे लिहिलं आहे, की लंडनमध्ये आपल्या बुद्धीची धार दाखवणारे इक्बाल इथे अगदी नम्र विद्यार्थी झाले होते. वर्गात शिकवणारी बाई वयाने लहान आहे, हे त्यांच्या आड आलं नाही. शिक्षिका म्हणून मला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

आज हायडेलबर्गला नेकरच्या काठाला इक्बालचं नाव दिलेलं आहे. ज्या घरात ते राहिले, तिथे पाटी आहे. नदीकाठच्या संध्याकाळवर त्यांनी केलेली नज्म ‘बांग-ए-दरा’मध्ये आहे, आणि तिचा जर्मन अनुवाद तिथे दगडावर कोरलेला आहे. आम्ही तिघी त्या दगडापाशी उभ्या राहिलो, फोटो काढले. गार वारा सुटला होता, स्कार्फ सांभाळताना फोटो दोनदा हलला. मी इकडेतिकडे आतियांचं नाव शोधत होते. मला ते दिसलं नाही.

जर्मनांना दोष देण्यात अर्थ नाही. आपणच त्यांना तसं आठवतो. उर्दूच्या प्राध्यापकांना विचारा, आतिया फैजी कोण? उत्तर येईल, ‘इक्बाल की दोस्त’. कुणी म्हणेल, मौलाना शिबली नोमानींनी ज्यांना पत्रं लिहिली त्या. 1947 मध्ये आतियांनी इक्बालवर एक छोटं इंग्रजी पुस्तक मुंबईतून काढलं, तेव्हापासून त्यांची सुट्टी म्हणजे इक्बालच्या चरित्रातलं एक पान झालं. पण त्यांनी प्रवासात असतानाच लिहिलेली रोजनिशी वाचली तर वेगळं चित्र दिसतं. तिथे कॉलेज आहे, बाजार आहे, नाटकं आहेत, इंग्रजांच्या घरची मेजवानी आहे, मनाची घालमेल आहे. इक्बाल त्या गर्दीतले एक आहेत.

ही रोजनिशी आपल्यापर्यंत आली ती घरी राहिलेल्या एका बाईमुळे. आतिया लंडनहून लिहिलेली पानं थोरल्या बहिणीला, जोहरा यांना पाठवत. जोहरा ती नीट करून लाहोरच्या ‘तहजीब-ए-निसवाँ’ या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकाला देत. 1898 मध्ये सुरू झालेलं हे साप्ताहिक शरीफ घरांतल्या, घराबाहेर फारशा न पडणाऱ्या बायका वाचत. म्हणजे आतिया लंडनमध्ये जे बघत होत्या, ते काही आठवड्यांनी लाहोर, भोपाळ, अलीगढच्या अंगणांत वाचलं जात होतं. 1921 मध्ये आग्र्याहून तेच ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तक झालं. एक बहीण गेली, दुसरीने ते जाणं घराघरांत पोचवलं.

तिसरी बहीण तर आपल्या अगदी शेजारची. नाजली बेगम. त्या जंजिऱ्याचे नवाब सिदी अहमद खान यांच्या बेगम. नवी मुंबईतून मुरूडला शाळेच्या सहली नेहमी जातात. मुलं होडीतून जलदुर्ग बघतात, तोफा मोजतात, नारळपाणी पिऊन परततात. याच संस्थानची बेगम 1908 मध्ये नवाब आणि आतियांसह युरोपला गेली आणि तिने आपली पत्रं ‘सैर-ए-युरोप’ या नावाने उर्दूत छापली, हे मुलांना कुणी सांगत नाही. मीही इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

मराठी वाचकाला बायकांची जुनी प्रवासवर्णनं ठाऊक आहेत. पंडिता रमाबाईंचं इंग्लंडच्या प्रवासाचं पुस्तक 1883 चं, पार्वतीबाई चिटणवीसांचं ‘आमचा जगाचा प्रवास’ 1915 चं. नाजली आणि आतिया बरोबर या दोन पुस्तकांच्या मधल्या काळातल्या. जंजिरा 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, कुलाब्याचं पुढे रायगड झालं, आणि या बहिणींची पुस्तकं मात्र लिपीच्या भिंतीपलीकडे राहिली. मराठीत नाहीत म्हणून मराठीवाल्यांनी घेतली नाहीत, कोकणातली आहेत म्हणून उत्तरेच्या उर्दूवाल्यांनी उशिरा बघितली.

कुणी म्हणेल, त्या श्रीमंत, त्या बोहरी, त्या नवाबाच्या नात्यातल्या. आपलं काय? हे खरं आहे, झाकायचं कारण नाही. आतियांकडे वजनदार घराणं होतं, परदेशात भाऊ होते. माझ्याकडे भिशी होती. आणि प्रवास केला म्हणून या बहिणींचं आयुष्य सोपंही झालं नाही. मूल नाही या कारणावरून नवाबांनी दुसरं लग्न केलं आणि 1913 मध्ये नाजली जंजिऱ्यातून वेगळ्या झाल्या. आतियांनी 1912 मध्ये पुण्याचे चित्रकार सॅम्युएल रहमीन यांच्याशी लग्न केलं. ते मूळचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. लग्नाच्या वेळी त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि दोघांनी फैजी-रहमीन असं जोडनाव लावलं. फाळणीनंतर दोघं कराचीला गेले. तिथले शेवटचे दिवस हलाखीत काढून 1967 मध्ये आतिया वारल्या.

पण सासूबाईंचा प्रश्न पैशांचा नव्हता. तो ‘आपल्यात’चा होता. आणि आतियांच्या प्रवासात मला सर्वांत मोठी गोष्ट दिसते ती शिष्यवृत्ती नव्हे. ती म्हणजे घरी वाट बघणारी आणि पत्र उघडून चारजणींना वाचून दाखवणारी जोहरा. मुलगी गेली म्हणून त्या घराने तिचं नाव झाकलं नाही, छापलं.

आम्ही हायडेलबर्गहून रोज रात्री चौथीला व्हॉट्सअपवर आवाज पाठवत होतो. आज काय खाल्लं, हलाल कुठे मिळालं, नमाजसाठी कोपरा कसा शोधला, ट्रेन कशी चुकली. परत आल्यावर ती म्हणाली, ते सगळे मेसेज तिने स्वयंपाकघरात मोबाइल ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात ऐकले. सासूबाईंनीही. तिसऱ्या दिवशी मेसेज यायला उशीर झाला, तेव्हा सासूबाईंनीच विचारलं, “आज पोरींचं काही आलं नाही?”

पुढच्या जूनमध्ये मी आठवीच्या वर्गात ‘जमाना-ए-तहसील’मधली दोन पानं वाचणार आहे. आधी उर्दूत, मग माझ्या मराठीत. चौथीने ती पानं टाइप करून द्यायचं कबूल केलं आहे. पासपोर्ट तिने कपाटात ठेवलेला नाही, तो पर्समध्येच आहे.