पाथरवटाचे नाव

माझ्या प्रबंधिकेतील एका वाक्याने मला दीड वर्ष छळले. वाक्य सहा शब्दांचे होते. ते लिहावे तर विद्या बुडते आणि न लिहावे तर घर रुसते, अशा पेचात मी सापडलो होतो. आता ती प्रबंधिका बांधून, तपासून, मान्य होऊन आमच्या फडताळात बसली आहे, तेव्हा दिवाळीच्या फराळाबरोबर ती हकीकत वाचकांना सांगायला हरकत नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. बेचाळिसाव्या वर्षी एम्. ए. व्हावे अशी बुद्धी मला का झाली, हे माझ्या पत्नीला अद्याप कळलेले नाही. विषय कलेच्या इतिहासाचा. शेवटच्या वर्षी प्रबंधिका लिहावयाची होती आणि मी विषय घेतला, 'वसईच्या किल्ल्यातील दगडी कोरीव काम'. लोकल गाडीने जाऊन येण्यासारखे ठिकाण असल्यामुळे काम सहा महिन्यांत उरकेल, असा माझा भाबडा हिशेब होता.

वसईचा किल्ला म्हटला की आपल्याला चिमाजीअप्पा आठवतात आणि ते योग्यच आहे. डिसेंबर 1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे 1739 मध्ये मराठ्यांनी ती जिंकून घेतली. त्या विजयाच्या खुणा म्हणून इथल्या चर्चमधील घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा त्यांतलीच, तिच्यावर 1721 हे साल आहे. हे सारे आपण शाळेतच शिकतो. परंतु त्या दोनशे पाच वर्षांत किल्ल्याच्या आत एवढी चर्चे, मठ, वाडे ज्यांनी उभे केले, ते हात कोणाचे होते, हा प्रश्न शाळेत कुणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता. तो आमच्या घरातूनच आला.

आम्ही मूळचे सोपाऱ्याकडचे आणि धंद्याने पाथरवट. वडिलांनी धंदा सोडून कारखान्यात नोकरी धरली, पण आजोबांनी हातातली टाकी साठीपर्यंत खाली ठेवली नाही. विरारपासून पालघरपर्यंत गावोगाव हिंडून पाटे-वरवंटे, जाती, उखळे घडवणे आणि झिजलेल्या जात्यांना टाकी लावून देणे हा त्यांचा उद्योग. आज ते नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांच्या पेटीत लाल फडक्यात गुंडाळलेली एक जुनी टाकी आहे. दसऱ्याला तिची पूजा होते आणि दर दसऱ्याला आजोबा तेच सांगतात, "ह्या टाकीनं आपल्या मूळपुरुषानं वसईच्या देवळाचे खांब घडवले."

मी प्रबंधिकेचा विषय सांगितला त्या दिवशी आजोबांच्या डोळ्यांत पाणी आले. काकांनी सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकले की आता आपल्या घराण्याचे नाव विद्यापीठाच्या पुस्तकात छापून येणार. आईने लाडू वळायला घेतले. मी मात्र मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो, 'हे खांब प्रस्तुत लेखकाच्या पूर्वजांनी घडवले.'

मार्गदर्शक बाईंनी पहिला मसुदा वाचला आणि त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ मारून समासात एकच शब्द लिहिला, 'पुरावा?'

मी पुराव्याच्या मागे लागलो. किल्ल्यातील मुख्य चर्च, सेंट जोसेफचे, तिथे दारावर एक शिलालेख आहे. डॉ. जर्सन द कुन्हा ह्या गोमंतकीय विद्वान डॉक्टरांनी 1876 मध्ये चौल आणि वसईच्या इतिहासावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तो वाचून दिला आहे. 1601 मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिस ह्यांच्या कारकीर्दीत आणि पेद्रो गाल्वाव परेरा हे विकार असताना ह्या चर्चचा जीर्णोद्धार झाला, असे तो सांगतो. दोन नावे आहेत, साल आहे. पाथरवटाचे नाव नाही. मग मी फ्रान्सिस्कन चर्चमध्ये गेलो. त्याच्या जमिनीत थडग्यांचे दगड बसवलेले आहेत, त्यांवर उमरावांची नावे आहेत, घराण्यांची चिन्हे आहेत. ती अक्षरे ज्याने खोदली त्याने स्वतःचे एक अक्षरही खोदलेले मला दिसले नाही.

दगडाची कीर्ती मात्र दूरवर गेली होती. गोव्यातील बॉम जेझू बासिलिका 1605 मध्ये पूर्ण झाली. तिच्या दर्शनी भागावरचे काळसर कोरीव काम ज्या दगडात आहे, तो वसईकडून समुद्रमार्गे नेलेला होता. खाणीतून दगड फोडणारे, तो गलबतात चढवणारे, तासणारे असे किती हात त्यामागे असतील! पण कागदावर दगडाच्या गावाचे नाव राहिले, माणसांची राहिली नाहीत.

ह्या निराशेत मी एके दिवशी आमच्याच गावच्या बुरूड राजाच्या कोटावर जाऊन बसलो. ह्या टेकडीची गोष्ट वाचकांना माहीत असेल. लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत की इथे एका बुरूड राजाचा कोट होता. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी इथे आले. ते जुनागढचे. विद्यापीठाची कोणतीही परीक्षा न देता, डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांच्या सहवासात तयार झालेला हा विद्वान. त्यांनी टेकडी खणली तेव्हा आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक. त्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असे मानले गेले. हा सारा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

त्या टेकडीवर बसल्यावर माझ्या ध्यानात आले की बुरूड राजाची कथा खरी नव्हती, पण टेकडी खरी होती. इथे कांहीतरी मोठे आहे, एवढी आठवण त्या कथेने जपून ठेवली. पंडितांनी कथेला हसून सोडून दिले नाही आणि ती खरी म्हणून छापलीही नाही. त्यांनी खणून पाहिले. मलाही खणायला हवे होते.

पहिली खणती मी लाल फडक्यापासून केली. आजोबांच्या परवानगीने ती टाकी एका वृद्ध लोहाराकडे नेली. त्याने ती वजन करून, फिरवून, नखाने वाजवून पाहिली. म्हणाला, "मास्तर, टाकी झिजते, शेवटायची असते. चारशे वर्षं कोणती टाकी टिकते? ही तुमच्या पणजोबांच्या वेळची असेल फार तर." घरी येताना ती टाकी मला दगडाएवढी जड वाटली. मुदत संपत आली होती. विद्यापीठाने एकदा वाढवून दिली होती, पुन्हा मिळणार नव्हती. काकांना काय सांगावे, त्यापेक्षा आजोबांना काय सांगावे, हे मला सुचेना.

त्या दिवसांत मला इरावतीबाई कर्व्यांचा मोठा आधार वाटला. पुढे 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाईंनी 1928 मध्ये मुंबई विद्यापीठाची एम्. ए. पदवी घेतली, ती डॉ. गो. स. घुर्ये ह्यांच्या हाताखाली, आणि प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांचे स्वतःचेच सासर-माहेर. आपल्या माणसांवर लिहिताना आपल्या माणसांचे ऐकायचे, पण मोजपट्टी सर्वांना एकच लावायची, ही कसरत आपल्याआधी कुणी करून दाखवली आहे, एवढे कळले तरी धीर येतो.

अखेर एका रविवारी मी आजोबांना रिक्षाने किल्ल्यात घेऊन गेलो. हातात काठी, डोक्याला टॉवेल. मी त्यांना खरे सांगणार होतो, पण त्यांनी मला बोलूच दिले नाही. एका पडक्या भिंतीजवळ ते थांबले आणि दगडावर तळहात फिरवू लागले. "हे बघ," ते म्हणाले, "हे घाव सगळे एका बाजूला कललेत. हा माणूस उजवा. आणि हा शेजारचा दगड बघ, उलटे कललेत. हा डावरा असणार, नाहीतर दगड फिरवून बसवलाय. ही बाजू गुळगुळीत, ती लोकांना दिसणार होती. ही भिंतीत जाणार होती, म्हणून नुसती ठोकून सोडली. इथं नवशिका बसला होता, इथं त्याच्या गुरूनं दुरुस्त केलंय." मी वही काढली. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत ते बोलत होते आणि मी रेखाटत होतो. माझ्याजवळ फीत होती, कॅमेरा होता, पुस्तके होती. त्यांच्याजवळ दगड वाचायची दृष्टी होती. दोन महिने मी ज्या दगडांसमोर कोरडा उभा होतो, ते त्या दिवशी बोलू लागले.

परतताना मी धैर्य करून लोहाराचे म्हणणे सांगितले आणि मी काय लिहिणार तेही सांगितले, 'ह्या कामाचे घडणारे अज्ञात आहेत.' ते बराच वेळ गप्प होते. स्टेशन जवळ आले तेव्हा त्यांनी विचारले, "अज्ञात म्हणजे नव्हते, असं नाही ना?"

"नाही आजोबा. अज्ञात म्हणजे होते, पण नाव ठाऊक नाही."

"मग तसंच लिही. खोटा पाया घातला तर कमान बसत नाही."

त्यानंतर तीन आठवड्यांत माझे चौथे प्रकरण लिहून झाले. त्यात घराण्याचा उल्लेख नाही. त्यात टाकीच्या घावांची दिशा आहे, खोली आहे, तयार व अर्धवट पृष्ठांची रेखाटने आहेत आणि त्यांवरून एका जागी किती प्रकारचे हात राबले असावेत ह्याचा विचार आहे. 'असावेत' हे क्रियापद बाईंनी एकदाही खोडले नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, "कारागिरांवर आख्खे प्रकरण लिहिलेत आणि कारागिराचे एकही नाव नाही, हे कसे?" मी म्हणालो, "नाव असते तर प्रकरण चार ओळींत संपले असते. नाव नाही म्हणून दगड नीट पाहावे लागले." ते हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

काका कांही दिवस नाराज होते. लाडू मात्र झाले.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आईने पाटावर वही-पेनाबरोबर लाल फडक्यातली टाकी ठेवली आणि शेजारी काळ्या पुठ्ठ्याची प्रबंधिका. तिन्हींना हळदकुंकू लागले. आजोबांनी चष्मा लावून ती मांडीवर घेतली. त्यांना फारसे वाचता येत नाही, पण ऋणनिर्देशाचे पान मी खूण घालून ठेवले होते आणि स्वतःच्या नावाची अक्षरे त्यांना ओळखता येतात.

"त्या मोठ्या पाद्रीचं नाव कितव्या पानावर आहे रे?" त्यांनी विचारले.

"आर्चबिशप मेनेझिस? एकेचाळिसाव्या."

"आणि माझं?"

"तिसऱ्या."

"मग ठीक आहे," आजोबा म्हणाले आणि त्यांनी करंजी उचलली.